एका फोनवर दोन ब्राउझर

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. पाळी जाण्याच्या वयात होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांनी रात्री फोनवर थोडं वाचलं. दुसऱ्या दिवशी मुलगा अभ्यासाच्या टॅबवर काही शोधायला गेला, तर गूगलच्या चौकटीखाली, घड्याळाच्या चिन्हासकट, आईने शोधलेलेच शब्द. "आई, हे काय गं?" त्याने विचारलं. तेव्हापासून त्या क्रोममधली इनकॉग्निटो खिडकी वापरतात. भाचा म्हणतो ब्रेव्ह घे, शाळेतले एक सर म्हणतात टॉर वापरा. ताईंचं म्हणणं एवढंच की, सगळ्यात सुरक्षित ब्राउझर कुठला ते एकदा सांगून टाका.

ताई, नाव सांगतो, पण थोडं थांबून. कारण टॅबवर जे झालं त्यात ब्राउझरचा काही दोष नव्हता. उद्या तुम्ही जगातला सगळ्यात चोख ब्राउझर घातलात आणि त्यात त्याच गूगल खात्याने आत शिरलात, तर टॅबवर तेच शब्द पुन्हा दिसतील.

मी बेळगावात बावीस वर्षं संगणकाची कामं करतो. आधी शहापुरात सायबर कॅफे होता, आता काही सोसायट्या, दोन छापखाने आणि तीन शाळांची मशीनं सांभाळतो. दुरुस्तीला येणाऱ्या फोनांत एक गोष्ट सारखी दिसते. फोन विकताना दुकानदारच जीमेल काढून देतो. पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे १२३. मग त्याच खात्यावर नवऱ्याचा फोन सुरू होतो, लॉकडाउनमध्ये घेतलेला टॅब सुरू होतो, नंतर टीव्हीसुद्धा. घरात चार माणसं, गूगलच्या लेखी एकच. तुम्ही काय शोधलंत ते नुसतं फोनमध्ये नाही, त्या खात्यातही जमा होतं, आणि ते खातं जिथे जिथे उघडं आहे तिथे वर येतं.

तेव्हा पहिलं काम ब्राउझरचं नाही. मुलाच्या टॅबला वेगळं खातं काढून द्या. मुलगा लहान असेल तर गूगलच्या फॅमिली लिंकमधून काढा. तुमच्या खात्याचा पासवर्ड बदला. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर "तुमची डिव्हाइस" अशी यादी असते, त्यात ओळखीची नसलेली किंवा विकून टाकलेली यंत्रं दिसली तर तिथूनच साइन आउट करा. मग "माय ॲक्टिव्हिटी"मध्ये जाऊन वेब आणि ॲपची नोंद एकतर बंद करा, नाहीतर तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं लावा. एवढं झालं की "आई, हे काय गं" हा प्रश्न मिटला.

आता इनकॉग्निटो. ती खिडकी बंद केली की भेट दिलेल्या पानांची यादी आणि कुकीज, म्हणजे साइटने ठेवलेल्या खुणा, त्या फोनवर राहत नाहीत. एवढंच तिचं काम, आणि घरातल्या घरात ते उपयोगी आहे. तुमच्या सासूबाईंच्या किंवा मुलाच्या हाती फोन गेला तर त्यांना काही दिसणार नाही. पण ज्या साइटवर तुम्ही गेलात तिला तुम्ही आलात हे कळतंच, नेट देणाऱ्या कंपनीलाही कळतं. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला भरला गेला. इनकॉग्निटोतही आमची माहिती गोळा होते, हे लोकांना नीट सांगितलं नाही, असा आरोप होता. २०२४ मध्ये तडजोड झाली, त्यात गूगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि इनकॉग्निटो उघडताना येणारी सूचना अधिक स्पष्ट लिहायचं मान्य केलं. ती सूचना एकदा वाचा, कुणी वाचत नाही. तिच्यात सगळं लिहिलेलं आहे.

म्हणून मी आलेल्या प्रत्येकाला आधी हेच विचारतो की, तुम्हाला नक्की कुणापासून लपवायचंय? घरच्यांपासून असेल तर इनकॉग्निटो आणि फोनचं ॲप लॉक पुरतं. त्याहून सोपं हवं तर फायरफॉक्स फोकस नावाचा छोटा ब्राउझर आहे, कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं की सगळं पुसून मोकळा. जाहिरातवाल्यांपासून असेल तर ब्राउझरची निवड खरंच महत्त्वाची, आणि पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे. नेट देणाऱ्या कंपनीपासून किंवा सरकारपासून असेल तर ती वेगळीच गोष्ट, तिथे ब्राउझर बदलून फार काही होत नाही.

जाहिरातवाले पाठलाग कसा करतात ते समजून घेतलं की निवड सोपी होते. यात्रेत तुम्ही दहा दुकानं फिरलात, बांगड्या घेतल्या, भांडी बघितली, देवाचा फोटो घेतला. दुकानदार वेगवेगळे, पण प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच माणूस वही घेऊन बसलाय आणि तुमच्या पदराला त्याने पहिल्याच दुकानात एक चिठ्ठी टाचलीय. पुढच्या दुकानात तुमचं नाव त्याला माहीत नसतं, पण चिठ्ठीचा नंबर बघून तो वहीत लिहितो. ती चिठ्ठी म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली याने ती काढली तेव्हा हेतू साधा होता, दुकानाने आपलंच गिऱ्हाईक लक्षात ठेवावं. एका पानावर दुसऱ्याच कंपनीचे तुकडे घालता येतात म्हटल्यावर मात्र तो वहीवाला तयार झाला. तुम्ही बातमी वाचता त्या पानावर बातमीपेक्षा या वहीवाल्यांचेच तुकडे जास्त असतात. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात.

हे तुकडे कोण अडवतं, यावर ब्राउझरांचा खरा फरक आहे. ॲपलच्या सफारीने २०२० पासून थर्ड पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माहीत असलेले पाठलाग करणारे अडवायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायची पद्धत संगणकावर सगळ्यांना लागू केली. त्यामुळे एका दुकानातली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात वाचताच येत नाही. क्रोमने २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत आम्हीही बंद करू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. यात आश्चर्य काही नाही. ज्याचं पोट जाहिरातींवर भरतं त्याने जाहिरातींच्या वहीला कुलूप लावावं ही अपेक्षाच चुकीची.

क्रोम वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हल्लेखोरांपासून, खोट्या साइटपासून वाचवायच्या बाबतीत तो दणकट आहे, अद्ययावत राहतो. सुरक्षा आणि खाजगीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकाच पिशवीत भरतात. घराला लोखंडी दार आहे, पण दारावरचा राखणदार तुम्ही कुठे गेलात ते लिहून ठेवतो, असा हा प्रकार.

याच्या उलटा प्रकारही आम्ही पाहिलाय. दहा-बारा वर्षांपूर्वी इकडच्या गावागावांत यूसी ब्राउझर असायचा. टूजीवर भराभर चालायचा, डेटा कमी खायचा, क्रिकेटचा स्कोअर वर दिसायचा. माझ्या कॅफेत येणारी पोरं मला तोच घालून द्या म्हणायची आणि मीही घालून द्यायचो, खोटं कशाला बोलू. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवलं की त्याच्या इंग्रजी आवृत्तीत तुम्ही शोधलेले शब्द कुलूप न लावता, उघडेच जात होते. मधल्या वाटेवर बसलेला कुणीही ते वाचू शकत होता. २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात हा होता. अजून कधीकधी एखाद्या आजोबांच्या जुन्या फोनवर सापडतो, कुणीतरी एपीके फाइल शेअर करून घातलेला. दिसला की मी न विचारता काढून टाकतो.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर असं: वाचायला, शोधायला, दवाखान्याच्या, औषधांच्या, मनातल्या गोष्टींना फायरफॉक्स. बँक, शाळेचं पोर्टल, सरकारी अर्ज यांना क्रोम, तो फोनवर आहेच, तिथेच राहू दे. एका फोनवर दोन ब्राउझर. फायरफॉक्समध्ये गूगल खात्याने कधीच साइन इन करायचं नाही, हा यातला खरा मंत्र. दोन्हीकडे तेच खातं उघडलंत तर एकाच घराला दोन दारं केल्यासारखं होईल.

फायरफॉक्स का, ब्रेव्ह का नाही? अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सला एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, जोडता येतात, अँड्रॉइडवरच्या क्रोमला येत नाहीत, हे मोठं कारण. त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि पाठलाग अडवणारं एक्स्टेन्शन घालायचं. रेमंड हिल नावाच्या माणसाने ते चालवलंय, फुकट आहे, आणि तो देणग्याही घेत नाही. नावात "ओरिजिन" आहे का ते नीट बघून घ्या, नुसतं "युब्लॉक" नावाचं वेगळंच निघतं. संगणकावरच्या क्रोममध्ये हेच एक्स्टेन्शन गूगलने नियम बदलल्यामुळे बंद पडलं, आता तिथे त्याची "लाइट" नावाची पातळ आवृत्ती तेवढी चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. मग सेटिंगमध्ये "एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन"ला "स्ट्रिक्ट" करा. बस, एवढे दोनच बदल. यूट्यूबवर कुणीतरी पन्नास सेटिंग बदलायला सांगेल, त्या नादी लागू नका. घरात दार लावायचं असतं, खिडक्यांना विटा लावून बुजवायच्या नसतात.

फायरफॉक्सवाले धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. त्यांची बहुतेक कमाई गूगलकडूनच येते, सुरुवातीचं शोधयंत्र म्हणून गूगल ठेवल्याबद्दल. जुलै २०२४ मध्ये त्यांनी जाहिराती मोजायची एक सोय लोकांना न विचारता चालू करून ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये "आम्ही तुमचा डेटा कधीच विकत नाही" हे सरळ वाक्य त्यांच्या पानावरून गेलं आणि जुने लोक खवळले. मीही खवळलो. तरी वापरतो, कारण त्यातलं नको ते बंद करायची बटणं अजून माझ्या हातात आहेत, आणि क्रोमच्या इंजिनावर न चालणारा एवढा मोठा दुसरा ब्राउझर अँड्रॉइडवर उरलेला नाही.

भाच्याचं ब्रेव्हही चुकीचं नाही. जावास्क्रिप्ट भाषा लिहिणाऱ्या ब्रेंडन आइकने काढलेला आहे, आतून क्रोमचंच इंजिन, पण जाहिराती आणि पाठलाग पहिल्या दिवसापासून बंद. काहीही जोडावं लागत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ या प्राध्यापकाने २०२० मध्ये सहा ब्राउझर आपल्या कंपनीला काय काय कळवतात ते तपासलं होतं. त्यात ब्रेव्ह सगळ्यात गप्प निघाला. मायक्रोसॉफ्टचा एज आणि रशियाचा यांडेक्स सगळ्यात बोलघेवडे, कारण ते यंत्राशी बांधलेली ओळख पाठवत होते. पण त्याच वर्षी ब्रेव्हही पकडला गेला. पत्त्याच्या पट्टीत काही क्रिप्टो साइटची नावं टाइप केली की तो हळूच आपला कमिशनचा कोड जोडत होता. ओरड झाल्यावर बंद केलं. शिवाय त्यात क्रिप्टोचं पाकीट, नाणी, स्वतःच्या जाहिराती असला पसारा आहे, तो बंद करून ठेवावा लागतो. माझा हिशेब असा की सासूबाईंच्या फोनवर ब्रेव्ह घाला, कारण त्या सेटिंगमध्ये कधी जाणार नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला फायरफॉक्स जमेल.

डकडकगो या शोधयंत्राचाही ब्राउझर आहे, साधा, चांगला. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही तुकड्यांना तो वाट देतो असं उघड झालं आणि काही महिन्यांत त्यांनी ते बंद केलं. शोधयंत्र म्हणून मात्र मराठीत तो मला तोकडा वाटतो. "गर्भाशयाच्या गाठी" असं देवनागरीत टाकलं तर गूगल जेवढं चांगलं आणतं तेवढं तो आणत नाही, हे मान्य करायला हवं. मी इंग्रजीत डकडकगोवर शोधतो, मराठीत नाइलाजाने गूगलवर, पण साइन इन न करता. आयफोनवाल्यांसाठी एका ओळीत सांगायचं तर आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घ्या, आत सफारीचंच इंजिन असतं, तेव्हा सफारीच वापरा आणि वर एक जाहिरात अडवणारं ॲप घाला.

सरांनी सुचवलेला टॉर हा वेगळ्या जातीचा आहे. तुमचं बोलणं तीन अनोळखी यंत्रांमधून फिरवून नेतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे चाललात ते कळत नाही, शेवटच्याला कुठे चाललात ते कळतं पण तुम्ही कोण ते कळत नाही. त्याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत आहे हे ऐकून सरांना गंमत वाटेल. पत्रकार, चळवळीतला कार्यकर्ता, कुणाची तक्रार करणारा कामगार, यांच्यासाठी तो मोलाचा आहे, आणि आपल्या भागात अशी माणसं कमी नाहीत. पण तो संथ आहे, त्यावरून बँकेत शिरायला गेलात तर बँक घाबरून खातं अडवू शकते, आणि आजाराबद्दल वाचायला त्याची गरज नाही. त्याच्याच लोकांनी मुलवाड या स्वीडनच्या कंपनीबरोबर २०२३ मध्ये एक ब्राउझर काढला, टॉरसारखाच पण टॉरच्या जाळ्याशिवाय. तो संगणकासाठी आहे. शाळेच्या लॅपटॉपवर सरांना हौस असेल तर तो बघा म्हणावं.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईचा माणूस सहसा सांगणार नाही. कुकी नसली तरी ब्राउझर ओळखता येतो, त्याच्या अंगावरच्या खुणांवरून. पडदा केवढा, कुठली यंत्रणा, कुठले फॉन्ट, कुठल्या भाषा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तर त्यातले ८३.६ टक्के असे निघाले की त्यांच्यासारखा दुसरा कुणी त्या गठ्ठ्यात नव्हता. आता आपल्याकडे बघा. प्रत्येक पान मागताना ब्राउझर "मला या भाषा चालतात, या क्रमाने" असं सांगतो. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या फोनवर आधी मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी असतं. हा क्रम जगात किती ठिकाणी असेल? बेळगाव, खानापूर, निपाणी, फार तर बिदरकडचा भाग. छापखान्यातल्या मशीनवर तर कहर असतो. लग्नपत्रिकांसाठी श्री-लिपीचे मराठी फॉन्ट आणि सरकारी कागदांसाठी नुडीचे नाहीतर बराहचे कन्नड फॉन्ट, एकाच संगणकावर. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर सहाशेच्या वर फॉन्ट होते. असलं यंत्र नाव न सांगताही गर्दीत उठून दिसतं, कोल्हापुरी फेटा बांधून बेंगळूरच्या मॉलमध्ये गेल्यासारखं.

ईएफएफची "कव्हर युवर ट्रॅक्स" नावाची साइट आहे, तिथे एक बटण दाबलं की तुमचा ब्राउझर किती उठून दिसतो ते कळतं. मी त्या छापखान्यात दाखवलं तेव्हा मालक चाट पडला. उपाय काय केला? डीटीपीच्या मशीनवर फक्त डीटीपी, नेट बघायला वेगळा साधा लॅपटॉप. ब्राउझरची कितीही सेटिंग बदलली असती तरी एवढा फरक पडला नसता.

आणि भाषेचं? शुद्ध हिशेबाने उत्तर असं येतं की मराठी आणि कन्नड दोन्ही काढा, नुसती इंग्रजी ठेवा, गर्दीत मिसळून जाल. सीमाभागातल्या माणसाला कुणी हे सांगावं आणि त्याने गपगुमान ऐकावं, हे काही व्हायचं नाही. इथे गाडीच्या पाटीवरून, दुकानाच्या फलकावरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझी तडजोड अशी आहे: संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये ब्राउझरची स्वतःची भाषा आणि पानं मागायची भाषा वेगवेगळ्या ठेवता येतात. बटणं, मेन्यू मी मराठीत ठेवले आहेत, पानं इंग्रजीत मागतो. मराठी साइट तशाही मराठीतच उघडतात, त्यांना विचारावं लागत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न व्हीपीएनचा, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रातून फिरवून नेणाऱ्या सोयीचा, येतो हे अनुभवाने माहीत आहे. खानापुरात बसून बेंगळूरच्या फ्लॅटच्या जाहिराती दिसतात ना? त्या तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेट कंपनी तुमच्या जोडणीला देते त्या नंबरावरून. नेट कंपनीच्या वहीत तो पत्ता अनेकदा बेंगळूरचा दिसतो. निपाणीकडे कधी कोल्हापूरच्या दिसतात. हा पत्ता कुठलाही साधा ब्राउझर लपवत नाही. व्हीपीएन लपवतो, पण मग नेटवाल्या कंपनीऐवजी व्हीपीएनवाला सगळं बघतो, म्हणजे माणूस बदलला, वही तीच. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली आणि तिचं फुकट व्हीपीएन लोक कुठली ॲप वापरतात ते बघायला वापरलं. शेवटी ॲपलच्या दबावामुळे २०१८ मध्ये ते आयफोनच्या स्टोअरवरून काढावं लागलं. आपल्याकडे २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. फुकट व्हीपीएन घालू नका, एवढंच सांगतो. साइटच्या पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने होत असेल, म्हणजे वाटेत कुलूप लावलेलं असेल, तर नेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं कळतं, त्या साइटवरचं कुठलं पान वाचलंत ते कळत नाही. तुमच्या कामाला तेवढं पुरे.

खाजगीपणा हे श्रीमंतांचं किंवा पुढाऱ्यांचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने तो मूलभूत हक्क ठरवला, आणि तो खटला दाखल करणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले होते.

दोन ब्राउझर ठेवायचं कारण मी ठेच लागून शिकलो. एका सोसायटीत सगळ्या मशीनवर मी फायरफॉक्स आणि युब्लॉक घालून दिलं आणि हौसेने क्रोम काढून टाकला. दुसऱ्याच आठवड्यात एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना शेवटच्या पानावर पैसे भरायची खिडकी उघडेना. तारीख शेवटची. मॅनेजर फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपल्या सरकारी साइट फक्त क्रोमवर तपासलेल्या असतात, हे गृहीत धरून चालायचं. तेव्हापासून मी भांडत नाही, कामाला एक आणि वाचायला एक.

शाळेच्या संगणकावर किंवा ग्राम वनसारख्या सेवा केंद्रात मात्र ब्राउझरचा विचारच सोडा. तिथली खरी गळती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये असते. माझ्या कॅफेत रोज संध्याकाळी मी तो फोल्डर रिकामा करायचो, तरी दिवसभरात त्यात आधार, सातबाऱ्यासारखे उतारे, मार्कलिस्ट, पासपोर्टचे फोटो असा ढीग साचायचा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, आणि दोन्ही गोष्टी गावात सगळ्यांना माहीत असतात. प्रिंट घेतलीत की समोर उभं राहून फाइल पुसायला लावा, कचरापेटीतूनसुद्धा. आणि जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणखी एक, कारण "फोनला व्हायरस लागलाय" म्हणून येणाऱ्या बायका-माणसांचं निम्मं दुखणं यात असतं. एखादी साइट विचारते, नोटिफिकेशन पाठवू का? घाईत "अलाउ" दाबलं जातं. मग दिवसभर कर्ज, लॉटरी, वजन कमी करायची पावडर. तो व्हायरस नसतो, आपणच दिलेलं निमंत्रण असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन सगळ्यांना नाही म्हणून टाका. तिथेच लोकेशन, कॅमेरा, माइकच्या याद्याही असतात, त्याही चाळा.

मराठी टाइप करायला तुम्ही कुठला कीबोर्ड वापरता तेही बघा. जाहिराती दाखवणारा फुकट मराठी कीबोर्ड असेल तर आजच काढा, कारण तुम्ही उमटवलेलं प्रत्येक अक्षर ब्राउझरच्या आधी त्याच्या हातातून जातं. जीबोर्ड ठेवलात तर खाजगी खिडकीत टाइप करताना त्याच्यावर टोपी-चष्म्याचं चिन्ह येतं, म्हणजे तो त्या वेळी तुमचे शब्द शिकून घेत नाही.

टॅबचं खातं वेगळं करणं घरी जमलं नाही तर सुट्टीत बेळगावला याल तेव्हा दोन्ही यंत्रं घेऊन या, चहा होईपर्यंत होऊन जाईल. फक्त येताना फोन जिथे घेतलात त्या दुकानदाराचा मोबाइल नंबर बरोबर ठेवा. पासवर्ड बदलताना गूगल ओटीपी कुणाच्या तरी जुन्या नंबरवर पाठवतं, आणि बहुतेक वेळा तो नंबर त्या दुकानदाराचाच निघतो.